त्रेसष्ट झिंगे आणि मोहनरावांचं शुद्ध पाणी

फायद्याचा हिशेब करिष्माने वहीच्या पहिल्याच पानावर मांडून ठेवला होता. अजिनाथमामाकडून दहा झिंगे आणायचे. उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत चाळीस परत द्यायचे. बदल्यात मामाच्या बीडच्या रंगीत माशांच्या दुकानात, मागच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली तीन फुटी काचेची टाकी कायमची आपली! चाळिसाच्या वर जे उरतील, तेही आपलेच.

"आणि मामाचा फायदा काय?" प्रविणने विचारलं होतं. हा तिचा धाकटा भाऊ. वय अकरा, भूक एकवीस.

"दहाचे चाळीस. जागचं न हलता."

"म्हणजे कष्ट तुझे आणि सुकट त्याची!"

"सुकट म्हणू नकोस! चेरी म्हणतात त्यांना!"

चेरी हे नाव त्यांना शोभत होतं. नखाएवढा जीव, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, आणि खाली सतत चालू असलेले बारीक बारीक पाय. उकडलेल्या पालकाचं एक पान टाकलं की सगळ्या जमून पंगतीला बसायच्या. आप्पा, म्हणजे करिष्माचे आजोबा, रोज सकाळी चष्मा पुसून घरच्या छोट्या टाकीत डोकावायचे आणि म्हणायचे, "मूठभर झाल्या की सांग गं, कांद्यात परतू." मग नात चिडली की दिवसभर खूश!

पाडव्याला दहा होते. मादीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचे घोस दिसायला लागले, महिन्याभराने तिळाएवढी पिल्लं सुटली, आणि मे महिन्याच्या पहिल्या रविवारी वहीत आकडा पडला: त्रेसष्ट. उन्हाने पाणी तापू नये म्हणून करिष्मा टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळायची, तासातासाला भिजवायची. वाडीत माणसांना पंखा नव्हता एवढा थाट झिंग्यांचा होता.

त्याच आठवड्यात बोअर आटलं.

वाडीत मग मोहनरावांचे जार यायला लागले. सोमवारी आणि गुरुवारी, घरटी दोन. गावाबाहेर शेततळ्याच्या काठाला मोहनरावांची पत्र्याची शेड होती. तळ्यातलं पाणी तिथे मशीनमधून गाळून जारमध्ये भरतात, असं मोहनराव सांगायचे. "पाणी गाळलेलंच असतं ना काका?" करिष्माने मुद्दाम विचारून घेतलं होतं.

"अगं, सहा टप्प्यांचं! देवाला घालावं असं!"

तिने ते झिंग्यांना घातलं. पुढच्या सोमवारी टाकीत दोन तांबे वाढवले. मंगळवारी बावीस मेले. तिला वाटलं, टाकीतलं जुनंच पाणी खराब झालं असणार. म्हणून गुरुवारी तिने अर्धं पाणी उपसलं आणि देवाला घालावं असं शुद्ध पाणी भरपूर भरलं. शुक्रवारी सकाळी एकोणचाळीस मेले. टाकीच्या तळाला नुसता फिकट गुलाबी थर. तिने रडत रडत एकेक मोजला, कारण मोजल्याशिवाय तिला राहवत नसे.

उरल्या दोन. दोन्ही माद्या, आणि दोघींच्या पोटाखाली अंडी! काचेला नाक लावून तिने मोजायचा प्रयत्न केला. प्रत्येकी वीस-बावीस तरी होतीच. म्हणजे सौदा अजून जिवंत होता, पण सगळाच्या सगळा त्या दोघींच्या पोटाखाली लटकलेला होता.

शनिवारी सकाळी करिष्मा, प्रविण आणि त्यांचा दोस्त नाथा नदीवर गेले. नाथा धनगराचा. बारा वर्षांचा, पण मेंढ्यांमागे हिंडून दहा कोसांतला प्रत्येक पाणवठा त्याला ठाऊक होता. कोरड्या पात्रात वाळू उकरून केलेला एक झिरा त्याने दाखवला. त्या स्वच्छ पाण्याने त्यांनी पाच लिटरचा कॅन भरला, आणि रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बाटलीत झिऱ्याचंच पाणी घेऊन दोघींना तिच्यात हळूच सोडलं.

"त्यांना उन्हातान्हाचं कशापायी आणलंस?" नाथाने विचारलं.

"घरी ठेवलं असतं तर आप्पांनी 'तहानल्या असतील बिचाऱ्या' म्हणून जार ओतला असता! त्यांना ते पाणी लई आवडतं. म्हणतात, तांब्याच्या घागरीतलं प्यायल्यागत चव हाय."

"आणि आठ दिवस झाले, पोट धरून बसतात," प्रविण म्हणाला. "आई म्हणते, आंबे खाल्ले म्हणून."

"आंबे तर सगळे तूच खाल्लेस!"

करिष्मा थांबली. हे वाक्य तिच्याच तोंडून निघालं होतं, पण ते ऐकून तीच विचारात पडली. आंबे प्रविणने खाल्ले, पोट आप्पांचं दुखलं. जार सोमवारी आला, झिंगे मंगळवारी मेले. जार गुरुवारी आला, झिंगे शुक्रवारी मेले.

"मोहनरावकाकांचं मशीन बघून येऊ या," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवरच शेड होती. दार सताड उघडं, आत कुणी नाही. तिघं आत शिरले. भिंतीकडेला वीस भरलेले जार रांगेत उभे, मधे हजार लिटरची काळी टाकी, आणि कोपऱ्यात ते प्रसिद्ध सहा टप्प्यांचं मशीन. प्रविणने वाकून पाहिलं आणि फिसकन हसला.

"ताई! चिमणीनं घरटं केलंय यात!"

खरंच की! मशीनचे सगळे पाइप सुटलेले होते आणि मधल्या नळकांड्यात काड्यांचं घरटं होतं. शेततळ्याकडून आलेला काळा पाइप भिंतीतल्या भोकातून आत येऊन थेट टाकीच्या तोंडात खोचला होता. टाकीच्या बुडाला एक तोटी, तोटीखाली रिकामे जार. मशीनचा आणि पाण्याचा एकमेकांशी काही संबंधच उरला नव्हता!

एवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली.

"लपा!" नाथा पुटपुटला. तिघं टाकीमागे दबकून बसले. न विचारता आत आले होते, त्यामुळे चोरासारखे गप्पही बसले. फार मोठी चूक! मोहनराव दारात आले ते डोक्याला फेटा आणि कानाला मोबाईल लावून. "निघालोच! नांदूरघाटला बारापर्यंत पोचतो! अक्षतांना हाय मी!" असं म्हणत त्यांनी आत नजरसुद्धा न टाकता दार ओढलं. कडी. कुलूप. किक. मोटारसायकलचा आवाज दूर दूर गेला.

"काका!" करिष्मा ओरडली, तेव्हा ऐकायला फक्त पत्रा होता.

तिघांनी दारावर लाथा घातल्या. घसा फाटेस्तोवर ओरडले. शेड वाडीच्या शेवटच्या घरापासून तीन शेतं लांब; मे महिन्यात दुपारी बारा वाजता बाहेर कोण असणार? एकदाच रस्त्याने एक मोटारसायकल गेली. दाराच्या फटीतून नाथाने पाहिलं. "कानात मोबाईलची बोंडकं घातल्यात बे त्यानं! गाणं म्हणत गेला!"

पत्रा तापत चालला. हात लावला की चटका बसे. आतली हवा तव्यावरच्या वाफेसारखी झाली.

"घाबरायचं काय त्यात?" प्रविण म्हणाला. "वीस जार आहेत. पाणीच पाणी!" आणि कुणी अडवायच्या आत त्याने एका जारचं झाकण काढलं आणि जार कलता करून तोंड लावलं. एक घोट घेतला आणि लगेच थुंकला. "शी! कुलपाची किल्ली चोखल्यागत लागतंय!"

नाथाने जारमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं. त्याचा चेहरा बदलला. तो जारांवर पाय देऊन टाकीवर चढला, झाकण सरकवून आत डोकावला आणि सुतळीला बांधलेली एक पुरचुंडी बाहेर ओढून काढली. धोतराच्या फडक्यात काहीतरी बांधलेलं, आणि फडकं मोरपिशी निळं झालेलं. गाठ सोडल्यावर आत निळेशार खडे चमकले.

"मोरचूद!" नाथा म्हणाला. "मेंढरांच्या खुरांत किडे झाले की आमचा आजा टपात हे कालवतो आन् मेंढरं त्यातनं चालवतो. पर त्येच पाणी मेंढरू प्यालं तर खलास! तांबं असतंय ह्यात."

"पण पाण्यात कशाला टाकलं?"

"तळं हिरवं झालंय, बघ की. मोरचुदानं शेवाळ मरतंय. लोक तुरटी फिरवतात ना पाण्यात, तशी ह्यांनी ही पुरचुंडीच सोडून दिली. तुरटीगत!"

करिष्माला गुरुवारी भरपूर भरलेलं पाणी आठवलं. म्हणजे शुद्ध समजून आपण स्वतःच्या हाताने... त्या एकोणचाळीस तर आपणच! तिने बाटली छातीशी धरली. बाटली कोमट लागली. तिने आत पाहिलं. एक मादी आडवी पडली होती.

"नाथा! पाणी तापलंय! ह्या मरतील!"

आता ओरडण्यात अर्थ नव्हता, आणि रडण्यातही नव्हता. मोजायला हवं होतं. कॅनमध्ये झिऱ्याचं पाणी किती? पाच लिटर होतं, पण वाटेत प्रविणने बहुतेक पिऊन आणि सांडून संपवलेलं. उरलं जेमतेम अर्धा लिटर. प्यायला तिघं. वेळ? मोहनराव लग्न, जेवण आणि पान आटोपून येणार, म्हणजे पाच तरी वाजणार.

"प्रत्येकाला दर तासाला दोन झाकणं. जास्त न्हाई!" करिष्माने जाहीर केलं. "बाटली मात्र गार ठेवायला हवी. ओढणी भिजवायला जारचं पाणी चालेल, ते बाहेरनंच लागणार."

"आन् जमिनीत!" नाथाने टाकीखाली बोट दाखवलं. तोटी गळून गळून तिथली माती काळी ओली झाली होती. जारच्या झाकणाने दोघांनी खड्डा उकरला. ओल्या ओढणीत गुंडाळलेली बाटली गळ्यापर्यंत मातीत पुरली, वरचं तोंड उघडं ठेवलं. आजीने लोणी गार ठेवावं तशी!

करिष्मा खड्ड्याशेजारी पोटावर पडून आत बघत राहिली. आडवी पडलेली मादी हलत नव्हती. फक्त पोटाखालचे पंखे मधूनच एकदा हलायचे; अंड्यांना वारा घालत होती ती. स्वतः मरायला टेकली होती, तरी अंड्यांना वारा!

"ताई, एक झाकण दे ना," प्रविण कुजबुजला.

"तास व्हायचाय."

"मी मेलो तर वहीत मला कुठे लिहिशील? झिंग्यांत की माणसांत?"

"खाणाऱ्यांत."

नाथा हसला, मग प्रविणही हसला, आणि हसण्याने जास्तच तहान लागली. शेजारी चारशे लिटर पाणी उभं होतं आणि त्यातला घोट घेता येत नव्हता. वीस जार एखाद्या लग्नातल्या पाहुण्यांसारखे ओळीत उभे राहून त्यांच्याकडे बघत होते. प्रविणने शेवटी त्यांच्याकडे पाठ केली.

दोन वाजले असावेत. फटीतून येणारी उन्हाची रेघ दुसऱ्या जारवरून तिसऱ्यावर गेली होती. करिष्माचं डोकं ठणकत होतं, पण आतला हिशेब चालूच होता. ओरडून कुणी येत नाही. मग आपल्या वाडीतलं माणूस मे महिन्यात भर उन्हात धावत येतं कशासाठी? आग लागली तर? नाही, आग दिसली तरी माणसं आधी चौघांना विचारत बसतात. मग कशासाठी...

"पाणी!" ती ताडकन उठली. "वाया जाणारं पाणी! नाथा, ह्या आठवड्यात लाइट किती वाजता येते?"

"तीनला. कशापायी?"

"मोहनरावकाकांची मोटार ऑटोवर असते ना?"

नाथाचे डोळे चमकले. वाडीत सगळ्यांच्याच मोटारी ऑटोवर असतात. लाइट कधीही येवो, माणूस हजर नसला तरी मोटार आपोआप सुरू होते. तीन वाजता शेततळ्यावरची मोटार सुरू होणार आणि पाणी ह्या काळ्या पाइपातून टाकीत पडणार.

"टाकीत कशाला पडू द्यायचं?" करिष्मा म्हणाली.

तिघं पाइपाला भिडले. नाथाने वरून टाकीच्या तोंडातून पाइप उपसला, करिष्माने खाली ओढला, आणि प्रविणने त्याचं टोक दाराखालच्या फटीतून बाहेर ढकललं. फट अरुंद होती. तोटीखालची माती उकरली तशीच दाराखालचीही उकरावी लागली. बाहेर थेट रस्त्यापर्यंत उतार होता, आणि तो रस्ता वाडीतल्या घरांतून दिसायचा.

मग वाट बघणं. कॅनमधलं शेवटचं झाकण प्रविणच्या वाट्याचं होतं. त्याने ते हातात घेतलं, बाटलीकडे पाहिलं आणि हळूच आतल्या तापलेल्या पाण्यात सोडलं.

"मला नको," तो म्हणाला. "तिलाच राहू दे."

 हे वहीत कुठल्या पानावर लिहायचं, ते करिष्माला कळेना.

खट्!

तळ्याकडून मोटारीची घरघर आली. पाइप सापासारखा थरथरला, फुरफुरला, आणि दाराबाहेर भसाभसा पाणी पडायला लागलं!

पाचच मिनिटं! बीडच्या मे महिन्यात पाण्याचा लोट रस्त्यावर येतो आणि कुणी झोपून राहतं? आधी एक बाई ओरडली, मग चार, मग पळणारी पावलं, घागरींचा खणखणाट. सगळ्यात पुढे नाथाची आजी सारजाबाई.

"आरं, कुणाच्या जिवावर चाललंय हे पाणी? मोटार बंद करा रं! मोहनराव झोपला का मेला?"

"आजे! आमी आत हाय!" नाथा फटीला तोंड लावून ओरडला.

"नाथ्या? तू आत काय करतुस मुडद्या?"

संगीताकाकू ऊसतोडीवरून नुकतीच परतली होती. तिचा कोयता हातातच होता. सहा महिने उसावर चाललेला तो कोयता उलटा करून तिने दोन घाव घातले. कुलूप पडलं. दार उघडलं. वाऱ्याची झुळूक आत आली ती तिघांना बर्फासारखी लागली. करिष्मा बाहेर आली ती खड्ड्यातली बाटली उकरून, दोन्ही हातांत धरूनच. आईने मिठी मारली तेव्हाही तिने बाटली बाजूला सांभाळून धरली.

बाटलीतलं पाणी डुचमळलं. दोघीही उभ्या होत्या! आडवी पडलेली हळूहळू पाय चालवत होती. चार-पाच अंडी तळाला गळून पडली होती, पण बाकी घोस जागच्या जागी होता.

साडेचारला मोहनराव आले. फेटा तिरपा, तोंडात पान. तुटलेलं कुलूप बघताच गरजले, "चोऱ्या करता? माझ्या शेडीत? ह्या पोरांना पोलिसात देतो!"

सगळे करिष्माकडे बघायला लागले. ती शेडमध्ये गेली, एका जारमधून पेला भरला आणि मोहनरावांपुढे धरला.

"काका, उन्हातून आलात. आधी पाणी प्या."

मोहनरावांनी हात पुढे केला आणि तिथेच थांबवला. पेल्याकडे पाहिलं. गर्दीकडे पाहिलं. "नको... आत्ताच पिऊन आलो."

"एक घोट घ्या की! देवाला घालावं असं हाय!"

 आप्पा काठी टेकत पुढे आले. "पी की रे मोहन. आठ दिवस मी पितोय."

मोहनरावांनी पेला घेतला नाही. मग नाथाने ती निळी पुरचुंडी सगळ्यांसमोर सोडली, एका मगात खडे विरघळवले आणि शेडमधला एक लोखंडी खिळा आत टाकला. थोड्या वेळाने बाहेर काढला तर खिळा तांबडा! "ह्यासाठीच आमी लोखंडी घमेल्यात मोरचूद कालवत न्हाई," तो म्हणाला. "तांबं चढतंय."

"आरं देवा! म्हणून माझी शेळी तडफडली!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "आन् माझ्या लेकराला उलट्या!" दुसरीने म्हटलं.

"अगं, मला वाटलं तुरटीसारखंच..." मोहनराव पुटपुटले. "मशीन होळीपासून बिघडलंय. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणतो..."

"आन् तू त्याला पैसे देतो देतो म्हणतोस!" सारजाबाई कडाडली.

निवाडा तिथेच, उन्हातच झाला. टाकी उपसून घासायची. घरोघरचे जार परत न्यायचे. मशीन सुरू होईपर्यंत मोहनरावांच्या मळ्यातली खाजगी विहीर वाडीला खुली. आणि दवाखान्याच्या ताईंना बोलावून सगळ्यांची पोटं दाखवायची. आप्पांनी करिष्माच्या डोक्यावर हात ठेवला. "एवढ्याशा झिंग्यावरनं गावाचं दुखणं वळखलंस, पोरी! शाबास! इथून पुढं कांद्यात परतायचं नाव काढणार न्हाई."

सारजाबाईने नाथाला आधी धपाटा घातला, मग जवळ घेतलं.

मे संपता संपता पिल्लं सुटली. एक्केचाळीस! करिष्माने तीनदा मोजली. जून उजाडल्यावर तिने चाळीस पिल्लं पिशवीत भरून बीडला नेली. अजिनाथमामाने सगळी हकीकत तोंड उघडं टाकून ऐकली, तरी पिल्लं मोजून घेतलीच, आणि टाकी दिली. तीन फुटी टाकीत आता दोन आया आणि एक पिल्लू, एवढाच संसार. टाकी फार मोठी दिसत होती.

त्या संध्याकाळी करिष्माने वहीचं शेवटचं पान काढलं आणि या सगळ्याची कुणी काय किंमत भरली ते लिहिलं. मोहनरावांनी: एक कुलूप, एक विहीर, आणि गावातली पत. चिमणीने: मशीन दुरुस्त करताना निघालेलं एक घरटं, पण पिल्लं आधीच उडाली होती. आप्पांनी: आठ दिवसांचं पोट. प्रविणने: एक झाकण पाणी. त्याखाली तिने दोन रेघा ओढल्या.

करिष्माने: काही नाही. तिला तर टाकी मिळाली, शाबासकीही मिळाली.

ते वाचून तिने पेन परत उघडलं आणि सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत, जागा करून लिहिलं: झिंग्यांनी: एकसष्ट जीव.